काचेतला ताण

विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, काचकामाची खोली होती. तिथे सत्तावीस वर्षं एकच माणूस काम करत होता. प्रयोगांना लागणाऱ्या नळ्या, फुगे, वाकड्यातिकड्या जोडण्या तो गॅसच्या ज्योतीवर फिरवत, फुंकत तयार करायचा. विभागात त्याला सगळे काचवाले म्हणत. घरी मात्र पन्नाशी ओलांडली तरी मोठ्या बहिणीसाठी तो टिल्लूच होता. ही नोकरी त्याला तिच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी लावून दिली होती. भावोजी त्याच विभागात तिसऱ्या मजल्यावर शिकवायचे. त्यांच्या हातात खडूशिवाय दुसरं अवजार कधी टिकलं नाही. घरातला दिवा बदलायचा तरी ते मेहुण्याला बोलावत आणि स्टूल धरून उभे राहत.

भावोजींचं आयुष्य एका भांडणात गेलं, आणि ते भांडण क्वांटम सिद्धांताशी होतं. तो सिद्धांत म्हणतो की प्रकाशाचा एखादा कण गाळणीतून पार जाईल की अडकेल, हे आधी कुठेच ठरलेलं नसतं. शक्यता किती ते सांगता येतं. पण हाच कण का गेला आणि तो का अडकला, याला कारण नसतं. आपल्याला माहीत नसतं असं नव्हे, मुळातच नसतं. भावोजींना हे कधी पटलं नाही. कारण असतंच, ते खोल दडलेलं असतं एवढंच, असं ते म्हणत. त्यावर त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. विभागातली तरुण मंडळी त्यांच्या पाठीमागे त्यांना 'कारणे दाखवा' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी स्वतःच कार्यालयाला लिहिलेल्या चिठ्ठीखाली सही म्हणून तेवढंच लिहिलं होतं.

मग त्यांची मुलगी गेली. उशिरा झालेली, एकुलती एक. चालायला लागली ती धम्मकन पाय आपटत, म्हणून मामाने तिचं नाव ठमी ठेवलं आणि तेच राहिलं. नवव्या वर्षी तिच्या रक्तात आजार निघाला. सात महिने दवाखाना झाला आणि ती गेली. आजार कशामुळे झाला असं भावोजींनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही, लाखात एखाद्याला होतं.  घरी आल्यावर भावोजींनी एक फाइल उघडली. नळाच्या पाण्याचे नमुने, भिंतींच्या रंगाचे डबे, दोन गल्ल्या पलीकडच्या बॅटरीच्या कारखान्याचा पत्रव्यवहार, सगळं त्या फाइलीत जाऊ लागलं. एकाच्या दोन, दोनाच्या सहा फायली झाल्या. अकरा वर्षांत त्यांतून काहीच निघालं नाही. ताई त्या फायलींवरची धूळ पुसायची, उघडून मात्र बघायची नाही.

भावोजी निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी विभागातल्या प्रयोगवाल्या बाईंनी एक मोठा प्रयोग मांडला. भावोजींच्या भांडणाचा निकाल लागेल असाच तो प्रयोग होता. काचवाल्याला तो समजावून सांगायला भावोजी मुद्दाम काचकामाच्या खोलीत आले. बाकावर दोन रिकाम्या बाटल्या ठेवून ते सांगू लागले.

दोन भावंडं आहेत असं समजा, ते म्हणाले. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारायचे. कोणाला कोणता प्रश्न येणार, ते आधी कोणालाच माहीत नाही. तरी उत्तरं जुळतात. का जुळतात? कारण दोघं घरून ठरवून आलेली असतात. प्रकाशाचे जोडकणही तसेच. एकाच अणूतून निघून ते विरुद्ध दिशांना जातात, दोन्हीकडच्या गाळण्या हव्या त्या कोनात वळवल्या तरी त्यांची उत्तरं जुळतात. ते घरून ठरवून निघाले असतील तर जुळण्याला एक हद्द असते. हिशेब मांडला की ती हद्द दोन येते. क्वांटम सिद्धांत म्हणतो, आकडा दोनच्या वर जाईल, कारण ठरवून कोणी निघालेलंच नसतं. तोवर असे प्रयोग मोजक्याच ठिकाणी झाले होते आणि त्यांचे निकाल एकमेकांशी पटत नव्हते.

प्रयोगाचं काळीज म्हणजे एक काचेची नळी होती. तिच्यात पाऱ्याची वाफ भरायची, ती पेटवायची, आणि जोडकण काचेच्या भिंतींतून दोन्ही बाजूंना बाहेर पडायचे. ती नळी काचवाल्याने केली. एक नेहमीप्रमाणे जादाची, अशा दोन केल्या. तापवून घडवलेल्या काचेत ताण राहतो. तो जावा म्हणून ती भट्टीत ठेवून, अंश अंश उतरवत, दीड दिवस निववावी लागते. काचवाला या बाबतीत फार काटेकोर. भट्टी चालू असताना तो जेवायलाही बाहेर जायचा नाही.

त्या दिवशी दुपारी साडेचारला ताईचा फोन आला. भावोजींच्या छातीत कळ आली होती, घाम फुटला होता.  अंश अंश उतरवायला ना वेळ होता ना डोकं जाग्यावर होतं. त्याने भट्टीचा खटका बंद केला, खोलीला कुलूप लावलं आणि तो धावला. भावोजी त्या खेपेस वाचले. दोन दिवसांनी तो कामावर आला, तेव्हा बाईंची माणसं दारातच नळीसाठी उभी होती. एरवी तो प्रकाश गाळणाऱ्या पोलरॉइडच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून प्रत्येक नग तपासायचा. ताण असला की काचेत रंग दिसतात. त्या दिवशी त्याने नळी उजेडात फिरवून पाहिली, स्वच्छ दिसली, आणि देऊन टाकली.

चार महिन्यांनी निकाल आला. आकडा एक पूर्णांक चौऱ्याऐंशी. हद्दीच्या आत.

बाईंनी मोजणी दोनदा तपासली आणि मग स्वतः भावोजींना घरी फोन केला. आयुष्यभर त्या त्यांच्याशी वाद घालत आल्या होत्या, पण फोन करायला त्यांनी तासाचाही उशीर केला नाही. दुसऱ्या दिवशी भावोजी छडी टेकत विभागात आले. ज्यांनी त्यांना नोटिशीचं नाव ठेवलं होतं, तेच जिन्यात उभं राहून त्यांना हात देत होते. पुढचे तीन आठवडे ताईच्या घरात असे गेले की काचवाल्याला ते घर ओळखू येईना. भावोजी दोन वेळा जेवत. संध्याकाळी फिरायला जात. आणि ते ठमीबद्दल बोलू लागले. अकरा वर्षांत तिचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि आता जेवताना मध्येच म्हणत, ठमीने एकदा माझे परीक्षेचे पेपर तपासले होते, आठवतं का, सगळ्यांना दहापैकी अकरा दिले होते. ताई ऐकून हसायची. मग उठून ओट्याशी जायची आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहायची.

काचवाल्याला मात्र त्या साडेचारची आठवण सुटत नव्हती. आधी ती रात्री जेवताना यायची, मग काम करतानाही येऊ लागली. निकालाला तीन आठवडे झाल्यावर एका सकाळी त्याने कपाटातली जादाची नळी काढली. दोन्ही नळ्या एकाच भट्टीत, एकाच वेळी होत्या. ती त्याने दोन पट्ट्यांमध्ये धरून खिडकीकडे केली. नळीच्या दोन्ही कडांना पिवळे, तांबडे, निळे पट्टे उमटले. एवढा ताण त्याने शिकाऊ असतानाही काचेत ठेवला नव्हता. अशा काचेतून जाताना प्रकाशाची दिशा मुरडते, मग उत्तरं विस्कटतात आणि आकडा खाली येतो. एवढं त्याला सत्तावीस वर्षांत कळत होतं.

हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तो बाकाशी बसून राहिला. गप्प राहिलं तर काय होईल, हा विचारही त्याने पुरता करून पाहिला. लेख छापून येईल. पुढे कुठेतरी कोणीतरी चांगल्या काचेतून मोजेल आणि भावोजींना जगासमोर खोटं ठरवील. किंवा तोवर भावोजी राहणारही नाहीत, आणि सुखाने जातील. या दुसऱ्या विचाराशी तो बराच वेळ थांबला. मग त्याने नळी कापडात गुंडाळली, पट्ट्या खिशात घातल्या आणि तो ताईकडे गेला.

भावोजी टेबलाशी लिहीत बसले होते. त्याने नळी पट्ट्यांमध्ये धरली आणि त्यांच्यासमोर खिडकीच्या उजेडात केली. भावोजींनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "सुंदर दिसतंय." आणि मग त्यांना कळलं.

"भट्टी कधी बंद केलीस?" त्यांनी विचारलं. एरवी ते त्याला गमतीने मेहुणे म्हणत, तुम्ही म्हणत. आता तू आला.

"ताईचा फोन आला तेव्हा."

भावोजींनी मान हलवली. पेनाला टोपण लावलं. "बाईंना सांगितलंस?"

"आधी तुमच्याकडे आलो."

"चुकलास. आधी त्यांना सांगायचं. माझी छडी दे."

ते स्वतः त्याच्याबरोबर विभागात आले. बाईंच्या खोलीत सगळं काचवाल्याने सांगितलं. भावोजींनी मध्ये एकदाच तोंड घातलं, तेही एवढंच सांगायला की फोन माझ्यामुळे झाला होता, तेव्हा दोष वाटून घ्या.

नवी नळी केली. या वेळी भट्टी दोन दिवस उतरत होती. नळी तिघांनी पट्ट्यांमधून पाहिली आणि कुठेच रंग दिसला नाही. पुन्हा चार महिने मोजणी चालली. आकडा आला दोन पूर्णांक एकेचाळीस. बाई जिंकल्या होत्या, पण खाली काचकामाच्या खोलीत सांगायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. घरी तुम्हीच सांगा, असं म्हणाल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, नको, मीच जाते.

भावोजींनी मोजणीच्या छापील गुंडाळ्या घरी मागवून घेतल्या. आठ दिवस शिसपेन्सिल घेऊन ते एकेक ओळ तपासत होते. नवव्या दिवशी शेवटच्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'चूक सापडली नाही', सही केली आणि गुंडाळ्या परत पाठवल्या. त्यानंतर त्यांनी लिहिणं थांबवलं.

त्याच आठवड्यात ताई काचवाल्याशी बोलली. भावोजी आत झोपले होते. ती कपड्यांना इस्त्री करत होती, आणि इस्त्री न थांबवता तिने विचारलं, "काही गोष्टींना कारणच नसतं, असं ठरलं ना आता?"

तिच्या आवाजात काय आहे ते त्याला पटकन कळेना. त्याला वाटलं, ती चिडली आहे. तो म्हणाला, "प्रकाशाच्या कणांचं ठरलं, ताई. तेही पुरतं नाही."

"माणसांचं?"

"माणसांचं या प्रयोगातून काही कळत नाही."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. मग हळू आवाजात, आतल्या दाराकडे एकदा बघून, तिने सांगितलं. ठमी पोटात होती तेव्हाची गोष्ट. दुसरा महिना, तिला स्वतःलाही कळलेलं नव्हतं. खोकला जात नव्हता म्हणून तिने छातीचा एक्सरे काढला. पुढे ठमी आजारी पडली तेव्हा दवाखान्यात बाकावर बसून कोणाचं तरी मासिक वाचताना तिने वाचलं की अशाने असं होऊ शकतं. क्वचित, पण होऊ शकतं. ते तिने कोणालाही सांगितलं नाही.

"अकरा वर्षं हे कारण शोधतायत," ती म्हणाली, "आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवतेय. त्यांना पहिला आकडा आला ना, तेव्हा मला वाटलं, आता झालं. कारण असतंच असं ठरलं, आता हे शोधत माझ्यापर्यंत येणार." मग तिने भावाचा हात धरला. "तू ती नळी दाखवलीस तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होते, टिल्लू. मला बरं वाटलं. नवऱ्याचं सगळं गेलं आणि मला बरं वाटलं. यांना यातलं काही सांगू नकोस."

त्याने सांगणार नाही असं कबूल केलं.

भावोजी आता दुपारी काचकामाच्या खोलीत येऊन बसू लागले होते. ज्योतीकडे बघत. एकदा काचवाल्याने धीर करून विचारलं, की तुमचं म्हणणं आता साफच संपलं का.

"नाही," भावोजी म्हणाले. "दोन वाटा राहतात. एक तर कारण नाही. नाहीतर कारण आहे, पण ते अंतर जुमानत नाही. इथलं काही तिथे काहीच वेळ न घेता पोचतं. यांतलं खरं काय ते कोणालाच माहीत नाही. बाईंनाही नाही. पण कशाचंही कारण कुठेही असू शकतं म्हटल्यावर शोधायचं कुठे? मला जवळचं कारण हवं होतं. हातात धरून दाखवता येईल असं."

काचवाल्याने ज्योत बारीक केली. भावोजी बोलतच राहिले, आणि त्यांचा आवाज जरा बदलला.

"ठमी गेल्यावर पहिल्याच महिन्यात मला एक पावती सापडली. तुझ्या ताईच्या एक्सरेची. तारीख बघितली, मागे मोजलं. तीन डॉक्टरांना जाऊन विचारलं, नाव न सांगता. मग स्वतः शक्यतेचा आकडा काढला. इतका थोडा येतो की त्याला कारण म्हणता येत नाही. आणि कारण नव्हे, असंही म्हणता येत नाही. त्या मधल्या जागेत मला राहता येईना. म्हणून दुसरं शोधायला लागलो. पाणी, रंग, तो कारखाना. एक धड कारण मिळालं असतं तर तिच्यासमोर ठेवता आलं असतं, की हे बघ, हे होतं. दुसरं काही नव्हतं."

काचवाल्याच्या तोंडाशी सगळं आलं होतं. तिला माहीत आहे, एवढे तीन शब्द बोलले की झालं असतं. पण भावोजी आधी म्हणाले, "तिला वाटतं, मला यातलं काही ठाऊक नाही. त्यावर तिचा दिवस निघतो. तिला कळू देऊ नकोस. मला शब्द दे."

त्याने शब्द दिला. का दिला, हे तो पुढे स्वतःला पुष्कळदा विचारायचा. त्या वेळी समोरचा माणूस इतका थकलेला दिसत होता, की नाही म्हणायला जीभ वळली नाही.

मग रविवारी तो ताईकडे जेवायला जायचा तेव्हा दोघांच्या मध्ये बसायचा. भावोजी आमटी निवली म्हणायचे, ताई गरम करून आणायची. दोघंही एकमेकांशी फार सांभाळून बोलत. एका रविवारी त्याने ठरवलं होतं, आज दोन्ही शब्द मोडायचे. तो बोलायला लागणार, तेवढ्यात भावोजींनी ताईच्या ताटातली मिरची उचलून आपल्या ताटात घेतली, कारण तिला तिखट सोसत नव्हतं. ताईने न बघता ताट त्यांच्याकडे सरकवलं. त्याला वाटलं, हे असंच चाललंय तर चालू दे. तो रविवार गेला. आणखीही पाच-सहा गेले.

भावोजी गेले ते दुपारी, खुर्चीत. ताई भाजी आणायला गेली होती. परत येऊन तिने पिशवी ठेवली, दोनदा हाक मारली आणि मग भावाला फोन केला. बाई आल्या, तरुण मंडळी आली. त्यांतला एक जण जिन्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला.

दीड महिन्याने काचवाल्याने ताईला सांगितलं. शब्द ज्याला दिला होता तो माणूस राहिला नव्हता, आणि पोटात ठेवून त्याला झोप येत नव्हती. ताई खाटेवर बसली होती. 

"कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून."

ती मनात मोजत असावी. बारा वर्षं. मग ती म्हणाली, "मला एकदा म्हणायचं होतं त्यांनी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "एकदा तरी." तूही म्हणायचं होतंस, असं त्याच्या मनात आलं, आणि मग आपणही, हेही आलं. 

तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आकडा किती आला होता त्यांचा?"

त्याला ते माहीत नव्हतं. थोडा होता, असं ते म्हणाले होते, एवढंच त्याला आठवत होतं.

"थोडा म्हणजे किती?"

त्या दुपारी दोघांनी मिळून पहिली फाइल उघडली. पाण्याचे अहवाल होते, कारखान्याची उत्तरं होती, कडेला भावोजींची बारीक आकडेमोड होती. एक्सरेचा हिशेब कुठे नव्हता. दुसऱ्या फाइलीतही नव्हता. काचवाला आता दर रविवारी जातो, आणि दोघं एकेक गठ्ठा जमिनीवर मांडून बसतात. भावोजींचं अक्षर सुरुवातीला ताईला लागत नव्हतं. आता तिला ते भावापेक्षा चांगलं लागतं. सहावी फाइल अर्धी झाली आहे. तो हिशेब त्यांनी लिहून ठेवला होता की फाडून टाकला होता, हे दोघांनाही माहीत नाही. ताई म्हणते, ही संपली की पुस्तकांची पानं बघू.